आधी पाटी वाचा, मग गाडी घासा

साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार दुरुस्तीला घेतली की एक सल्ला हटकून मिळतो. पत्रा उघडा पडेपर्यंत सगळे खरवडून काढा, दारांच्या फटी काटेकोर एका मापात आणा, प्रत्येक पॅनेल आरशासारखे घासा, मग आवडेल तो रंग मारा आणि वरून क्लिअर कोटचे तीन-चार हात चढवा. गाडी कारखान्यातून निघाली त्याहून चांगली झाली पाहिजे, असे या सल्ल्याचे सार. तो देणारी माणसे गाड्यांवर जीव टाकणारी असतात, पदरचा पैसा आणि आयुष्यातली वर्षे घालणारी असतात. म्हणून त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही, त्याला नीट उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे : या रीतीने जुनी गाडी सुधारत नाही, ती संपते. हाती उरते ती तिच्याच आकाराची एक नवी वस्तू.

पहिला मुद्दा मांडला जातो तो कारखान्यातल्या कामाचा. त्या काळात डेट्रॉइटवाल्यांचे काम घाईचे, फटी वाकड्या, रंग खडबडीत. मग ते दोष जपायचे कशाला? यातला पूर्वार्ध खरा आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेने १९६९ च्या मॉडेलच्या सुमारे २,४३,००० कमॅरो बांधल्या, त्याही ओहायोतल्या नॉरवूड आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइज या दोनच कारखान्यांत. त्या वेगाने उतरणाऱ्या गाडीच्या दाराची फट वर एक आणि खाली दुसरी निघाली तर नवल नाही. छप्पर आणि मागचे क्वार्टर पॅनेल जिथे मिळतात तो सांधा शिशाने भरत आणि घासून सपाट करत. गाडीला विनाइलचे छत लागणार असेल तर त्या सांध्यावर फारशी मेहनत घेत नसत, कारण तो झाकलाच जाणार होता. बुडाखाली प्रायमरवर बाहेरच्या रंगाचे फवारे उडालेले असत, आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या डिकीत ठिपक्याठिपक्यांचा वेगळाच रंग असे.

पण या सगळ्याला दोष म्हणून मोडीत काढणारा माणूस एक गोष्ट विसरतो. ती गाडी कुठे, कशी, कोणत्या हातांनी आणि कोणत्या घाईत तयार झाली याचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे. कॉर्व्हेट गाड्यांसाठी १९७४ मध्ये स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाडी तपासताना एकच कसोटी लावते : कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी अशी होती का? तिथे जादा चकाकीमुळेही गुण गमवावे लागतात. ज्यांनी आयुष्यभर या गाड्या हाताळल्या त्यांनी ठरवलेली ही कसोटी आहे, आणि ती मला पूर्ण पटते.

रंगाचेच घ्या. त्या वर्षांत जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरत असे. लॅकरमधला द्रावक उडून गेला की रंग वाळतो, आणि पुन्हा उष्णता दिली की मऊ होतो. याचा फायदा घेऊन कारखान्यात रंग फवारत, खडबडीत जागा घासत आणि गाडी पुन्हा भट्टीत घालत. मऊ झालेला रंग पसरून घासल्याचे ओरखडे बुजवून टाकी. फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल वापरत. तो भट्टीत भाजला की कायमचा कडक होतो, त्याला पॉलिश लागत नाही, पण रंगकाम करणारे ज्याला ऑरेंज पील म्हणतात तो बारीक खवल्यांचा पोत त्याच्यावर राहतो. त्यामुळे १९६९ ची कमॅरो आणि त्याच वर्षीची क्रायस्लरची डॉज चार्जर शेजारी उभ्या केल्या तर दोघींची चमक वेगळी दिसायला हवी. कमॅरोची चमक खोल आणि मऊ, चार्जरची जरा कोरडी, उजेडात थरथरणारी. आजच्या पद्धतीने दोन्ही गाड्या बेस कोट आणि क्लिअर कोटमध्ये काढा आणि कापडी चाकावर पॉलिश करा : दोघी सारख्याच दिसतात. ही दोन थरांची पद्धत अमेरिकन कारखान्यांत सर्रास आली ती ऐंशीच्या दशकात. १९६९ च्या गाडीवर १९८५ नंतरची चमक चढवून तिला ‘मूळ रूपात आणली’ म्हणणे हे सरळसरळ चुकीचे विधान आहे. आपल्याकडे जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट फासून जीर्णोद्धार झाल्याचे जाहीर करतात. देऊळ स्वच्छ दिसते, पण छिन्नीची खूण बुजते आणि दगडाचा काळ ओळखू येईनासा होतो. इथेही तेच घडते.

आता पत्र्याकडे येतो. ‘उघड्या पत्र्यापर्यंत गेल्याशिवाय काम प्रामाणिक नाही,’ हे वाक्य गॅरेजांमध्ये मंत्रासारखे म्हटले जाते. गंज जिथे आहे तिथे ते बरोबरच आहे. पुट्टीखाली दडवलेला गंज आणि क्वार्टर पॅनेलच्या खालच्या कडेला जाळी पडल्यावर आतून चिकटवलेली फायबरची पट्टी, हा खोटेपणा कापूनच काढला पाहिजे. त्यात माझे आणि माझ्या विरोधकांचे एकमत आहे. पण शाबूत पत्र्यावरचा शाबूत रंग केवळ नियम म्हणून उडवायचा, याला काय आधार? वाळूचा मारा सपाट पत्र्यावर जवळून आणि जास्त दाबाने झाला की पत्रा ताणला जातो. बॉनेट आणि छप्पर यांसारखी मोठी पॅनेल फुगतात, त्यांच्यात लहरी येतात आणि त्या सहजी परत जात नाहीत. मग त्या लहरी बुजवायला काय वापरतात? पुट्टीच. म्हणजे ज्या पुट्टीच्या तिटकाऱ्यापायी पत्रा उघडा केला, तीच शेवटी सगळ्या छपरावर पसरते. आम्लाच्या हौदात आख्खी बॉडी बुडवण्याची रीत याहून सोयीची वाटते, पण दुहेरी पत्र्याच्या सांध्यात आम्ल उरून राहिले तर ते नव्या रंगाला आतून फोड आणते. सोड्याचा मारा पत्र्याला मऊ असतो हे खरे. त्याची पूड नीट धुतली नाही तर प्रायमर धरत नाही, हेही तितकेच खरे. यातली कोणतीही रीत वाईट नाही. पण प्रत्येकीची किंमत आहे आणि ती किंमत गंजलेल्या जागेसाठी मोजावी, धडधाकट जागेसाठी मोजू नये.

पुट्टीला माझा सरसकट विरोध नाही, हेही सांगून ठेवतो. पत्रा ठोकून, ताणून, शक्य तितका सरळ केल्यावर वरून दिलेला पातळ हात हे पाप नव्हे. खुद्द कारखान्यात शिसे भरतच होते. पाव इंचाहून जाड थर झाला की मात्र तो तडकणार. आणि जुन्या सांध्यांत शिसे आहे, जुन्या रंगांतही शिशाची द्रव्ये असू शकतात, म्हणून कोरडे घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. ही सूचना दोन्ही पक्षांसाठी.

फटींच्या बाबतीत तर अट्टहासाने कमाल गाठली आहे. दाराच्या कडेवर वेल्डिंगची तार वितळवून कड वाढवायची, मग ग्राइंडरने घासायची, आणि चारी बाजूंनी फट एकसारखी आणायची. हे कौशल्याचे काम आहे, मी ते नाकारत नाही. पण बहुतेक वेळा फट बिघडते ती दार लोंबल्यामुळे, आणि दार लोंबते ते बिजागरीच्या पिना आणि बुश झिजल्यामुळे. कमॅरोचा पुढचा सगळा पत्रा बोल्टांनी बसवलेला असतो आणि कारखान्यात तो शिमच्या चकत्या घालून जुळवत. तेव्हा आधी पिना बदला, सबफ्रेमचे रबर बदला, शिम घाला, गाडी चाकांवर उभी करून तिचे वजन तिच्यावर पडू द्या आणि मग फट बघा. बॉडी स्टँडवर लटकत असताना जुळवलेली फट गाडी जमिनीवर टेकताच बदलते. एवढे करून जी असमानता उरेल ती तिच्या कारखान्याची. ती तिथेच राहू द्या.

नवे पत्रे विकत मिळतात ही सोय मोठी आहे, आणि मोहही मोठा आहे. आज १९६९ च्या कमॅरोची आख्खी नवी बॉडी डायनाकॉर्न नावाची कंपनी बनवून विकते. ज्याला जुन्या रूपाची गाडी चालवायची आहे त्याने ती खुशाल घ्यावी. पण मूळ गाडीच्या क्वार्टर पॅनेलवर तळहाताएवढी जाळी पडली म्हणून आख्खे पॅनेल कापून नवे लावणे याला मी दुरुस्ती म्हणत नाही. तेवढाच तुकडा कापा, त्याच जाडीचा पत्रा कडेला कड लावून थोड्याथोड्या टाक्यांनी जोडा, मध्ये पत्रा थंड होऊ द्या. वेळ जास्त लागतो. मूळ पत्रा उरतो, कारखान्याचे स्पॉट वेल्डचे टाके उरतात आणि गाडीच्या अंगावरची मूळ रेघ मोडत नाही.

आता रंगनिवडीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते आणि सगळ्यात कमी पश्चात्तापही तिथेच होतो. ‘माझी गाडी, माझा पैसा, मला लाल आवडतो.’ मालकाचा हक्क कुणी हिरावून घेत नाही. मी फक्त एवढे दाखवू इच्छितो की हेच मालक इंजिनाच्या बाबतीत नेमके उलट वागतात. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, यासाठी ते भिंग घेऊन बसतात, जुळला तर हजारो डॉलर जास्त मोजतात. मग रंगाचा क्रमांक का चालत नाही? तोही तिथेच ठोकलेला असतो. कमॅरोच्या फायरवॉलवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर ‘६५ ६५’ असे दिसले तर गाडी खाली आणि वर ऑलिम्पिक गोल्ड होती. ‘५७ ५७’ म्हणजे गडद हिरवी फॅदम ग्रीन. ‘७२ ७२’ म्हणजे हगर ऑरेंज. क्रायस्लरच्या गाड्यांना बॉनेटखाली डाव्या फेंडरच्या आतल्या बाजूला अशीच पाटी असते, आणि कधीकधी सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेला बांधणीचा कागदही सापडतो. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची कारखान्यातली नोंद आज विकत मागवता येते. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या गाड्यांची अशी नोंद मिळत नाही, म्हणून तिथे पाटीचे मोल आणखी जास्त.

क्रायस्लरने १९६९ ते १९७१ या काळात काढलेले भडक रंग आठवा. तोच जांभळा डॉजवर प्लम क्रेझी आणि प्लिमथवर इन-व्हायलेट म्हणून विकला गेला, पाटीवर एफसी७. तोच झगझगीत हिरवा डॉजवर सबलाइम, प्लिमथवर लाइमलाइट. १९७० मध्ये तर गुलाबी रंगही आला, डॉजवर पँथर पिंक आणि प्लिमथवर मूलाँ रूज. हे रंग निघाले कारण गिऱ्हाईक तरुण होते, पेट्रोल स्वस्त होते आणि कंपन्या एकमेकींच्या पुढे जायला काहीही करायला तयार होत्या. थोड्याच वर्षांत विम्याचे हप्ते, धुराचे नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी तो काळ मिटवला. त्या काळाची एवढी नेमकी साक्ष या रंगांखेरीज दुसरे काही देत नाही. आणि ती फक्त भडक रंगांनीच पुरी होत नाही. १९६९ च्या कमॅरोच्या रंगयादीत बर्निश्ड ब्राउन होता, शँपेन होता, फिकट हिरवा फ्रॉस्ट ग्रीन होता, अझ्युअर टर्क्वाइझ होता. कुणीतरी शिक्षक, कुणीतरी गिरणीतला फोरमन तो तपकिरी रंग पसंत करून गाडी घरी घेऊन गेला होता. आज या गाड्या दुरुस्त होऊन बाहेर पडतात तेव्हा लाल, काळ्या किंवा नारिंगी होऊन पडतात. १९६९ च्या चार्जरवर तर १९७९ ते १९८५ चाललेल्या ‘द ड्यूक्स ऑफ हझर्ड’ या मालिकेची वेगळीच आपत्ती कोसळली. चित्रीकरणात अंदाजे ३०० चार्जर वापरल्या गेल्या, बहुतेक मोडल्या. आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी गाड्या हौशी मालकांनी मालिकेतल्या गाडीसारख्या नारिंगी करून दारावर ०१ रंगवून घेतला. हिरव्या, निळ्या, सोनेरी चार्जर अशा एकेक करून नाहीशा झाल्या.

शिवाय रंग बदलणे कधीच पुरे होत नाही. दाराच्या चौकटीत, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या कोनाड्यात, हीटरच्या पेटीमागे जुना रंग उरतोच. तो उरू द्यायचा नसेल तर आख्खी गाडी सुटी करावी लागते, आणि मग गाडीत हात न लागलेली एकही जागा राहत नाही.

यावर विकाऊपणाचा मुद्दा येतो : लाल गाडी लवकर खपते. स्वस्तात घ्यायची आणि लगेच विकायची असेल तर खपत असेल. पण जाणते गिऱ्हाईक बॉनेट उघडून आधी पाटी वाचते. स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘बुलिट’ चित्रपटात धावलेली १९६८ ची हायलंड ग्रीन मस्टँग १९७४ पासून एकाच कुटुंबाकडे होती. तिचा रंग विटलेला, पत्र्यावर गंज, चित्रीकरणासाठी केलेले बदल तसेच. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी येथे ती त्याच स्थितीत लिलावाला आली आणि शुल्कासह ३७.४ लाख डॉलरना गेली. यावर कुणी म्हणेल, ही किंमत मॅक्वीनच्या नावाची. बरोबर आहे. पण ती हीच गाडी आहे याची साक्ष कशाने दिली? त्या विटलेल्या हिरव्या रंगानेही आणि चित्रीकरणासाठी केलेल्या त्या बदलांनीही. विकण्यापूर्वी तिला नवा हिरवा रंग देऊन आरशासारखी केली असती तर तो पुरावा घासण्याच्या पाण्याबरोबर गटारात गेला असता. साध्या गाडीबाबतही हिशोब हाच आहे, आकडे तेवढे लहान.

‘जुना लॅकर आता मिळतो कुठे?’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला मी मान देतो. हवेत उडणाऱ्या द्रावकांवर अमेरिकेत १९९८ साली देशभर मर्यादा आली, कॅलिफोर्नियात नियम त्याहून कडक आहेत. लॅकर उन्हात तडकतो, त्याची निगा कठीण. मी लॅकरच वापरा असे म्हणत नाही. एकाच थरात चमक देणारा युरेथेन रंग आजही मिळतो. साध्या, धातूचे कण नसलेल्या रंगाच्या गाडीला तो द्यावा, जनरल मोटर्सची असेल तर बारीक कागदाने पाण्यात घासून पॉलिश करावी, क्रायस्लरची असेल तर फवाऱ्यातून येणारा पोत बराचसा राहू द्यावा. मेटॅलिक रंगात अडचण खरी आहे, कारण वरचा थर घासला की चमकीचे कण उघडे पडून डाग दिसतात. तिथे बेस कोट आणि क्लिअर कोट वापरण्यावाचून फारसा इलाज नाही. क्लिअरचे हात कमी ठेवावेत आणि काचेसारखे पॉलिश करू नये. रंग कुठलाही असो, कडक करणाऱ्या द्रव्यात आयसोसायनेट असते आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. घराच्या गॅरेजमध्ये साधा मास्क लावून हे फवारू नका. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त बूथ असलेल्या माणसाकडे द्या.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींबद्दलही दोन शब्द बोललेच पाहिजेत, नाहीतर माझे म्हणणे त्यांच्या खात्यात जमा होईल. गंज म्हणजेच सौंदर्य मानून चांगल्या पत्र्यावर रसायनाने गंज आणायचा, खोटी झीज रंगवायची आणि वरून क्लिअर कोट मारायचा, हाही आरशाइतकाच खोटेपणा आहे. गंज पत्रा खातो. तो थांबवलाच पाहिजे.

आणि ज्या गाडीची पाटी गेली, इंजिन गेले, अर्धा पत्रा गेला, अशा सांगाड्याचे काय? तिथे मालकाने हवे ते करावे, हवा तो रंग द्यावा, नवी ब्रेक-सस्पेन्शनची सामग्री बसवावी, आणि विकताना ती नव्याने घडवलेली गाडी आहे असे सांगून विकावी. माझे भांडण पुऱ्या, पाटीसह हाती आलेल्या गाड्यांसाठी आहे. अशा गाड्या आता नव्याने होणार नाहीत.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद मंजूर केली, तिचाही रोख हाच आहे : कमीत कमी हात लावा आणि केलेले काम नोंदवून ठेवा. भारत सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले, त्यातही ५० वर्षांहून जुने आणि मूळ रूपात राखलेले, मोठे फेरफार न झालेले वाहन हीच व्याख्या आहे. पुण्या-मुंबईत जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर उभी करणाऱ्यांनाही हा वाद परका नाही. डेट्रॉइटच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या तर तो दारातला आहे. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या निघतात. त्यांत फिरताना यंदा लाल गाड्या सोडून द्या आणि एखादी मूळ तपकिरी किंवा सोनेरी कमॅरो शोधून पाहा.

ज्यांच्या गॅरेजमध्ये अशी गाडी आज ताडपत्रीखाली उभी आहे त्यांना माझी विनंती आहे. घासायचा कागद आणि ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी पाटी वाचा, तिचा फोटो काढा. दाराची चौकट, डिकी, बुड, सांधे यांचे फोटो काढा. जुना रंग नुसता पाण्याने धुऊन, हलक्या हाताने पॉलिश करून पाहा; खाली काय शिल्लक आहे ते दिसेल. रंग द्यावाच लागला तर पाटीवरचाच द्या, आणि डिकीच्या आत किंवा डॅशबोर्डच्या मागे निदान वीतभर जागा कारखान्याच्या रंगात तशीच सोडा. पुढच्या मालकाला ती लागेल.